ऊन आहे तोवर

दातारसाहेब चित्र काढताना माणसाला हलू द्यायचे नाहीत, बोलू मात्र खुशाल द्यायचे. ऑफिसात ते आमचे वरिष्ठ. पण हिवाळ्यातल्या रविवारी देसाई, शेख आणि मी दिल्लीच्या एखाद्या लॉनवर सतरंजी टाकून ऊन खात बसलो, की ते समोर स्टुलावर बसून आम्हाला रंगवायचे. "माझं नाक कुठंय यात?" असं मी विचारलं की म्हणायचे, "नाक घरी आरशात बघ. इथे ऊन बघायचं." खरंच, कॅनव्हासवर मी म्हणजे नुसते निळे-पिवळे फटकारे.

घरी नेऊन ते एक ठिपका टाकायचे नाहीत. "आठवून काढलेलं ऊन खोटं असतं." त्यामुळे एकच चित्र अख्खा हिवाळा चालायचं.

त्या वर्षी शेवटच्या रविवारी मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. शेखची गुवाहाटीला बदली झाली होती, दुसऱ्या दिवशी गाडी होती. बदलीची फाइल देसाईनेच पुढे पाठवली, असं त्याच्या कानावर आलं होतं. एका डब्यात जेवणारे हे दोघं, आणि महिनाभर बोलणं बंद. साहेबांनी बोलावलं म्हणून आले आणि तोंडं फिरवून बसले. मी किन्नू, ते उत्तरेकडचं संत्रं, सोलून पुढे केलं, कुणी हात लावला नाही.

थोड्या वेळाने शेख उठला. "चलो, निघतो मी. सामान बांधायचंय."

"बस खाली," दातारसाहेब म्हणाले. "तुझी सावली देसाईच्या गुडघ्यावर पडतेय. ती गेली तर तो सतरंजीवर चिकटवल्यासारखा दिसेल."

शेख बसला. साहेबांचा ब्रश पुन्हा चालू लागला. मग देसाई समोर बघतच म्हणाला, "फाइलवर सही माझीच आहे."

"माहीत आहे."

"वरून दबाव होता. पण तुला आधी सांगायला हवं होतं. हिंमतच झाली नाही, यार."

"हलू नका," साहेब म्हणाले.

शेखही समोरच बघत म्हणाला, "सहीचं काही नाही रे. कँटीनमध्ये मला बघून तू वाट बदललीस, ते लागलं."

देसाईने सरळ वळून त्याचा हात धरला. मला रडू आवरेना. आता साहेब भडकणार म्हणून बघते तर ते ब्रश पुसत होते. ऊन अजून चांगलं तासभर उरलं होतं.

"झालं चित्र?" मी विचारलं.

"कसलं होतंय! हे दोघं आता तसे बसतात का?" असं म्हणून त्यांनी किन्नू उचललं.

दातारसाहेब जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची पूर्ण झालेली चित्रं लोकांच्या दिवाणखान्यांत आहेत. हे अर्धवट राहिलेलं माझ्याकडे आहे, ते मी कुणाला देत नाही.