गाठोड्यातला निळ्या चौकडीचा शर्ट

आक्काचा कोणावरच चटकन विश्वास बसत नसे, आणि हा आपला गुणच आहे असं ती सांगे. उमेदीची सगळी वर्षं शर्टांच्या कारखान्यात काजं करण्यात गेली. सरळ दिसणाऱ्या शिवणीत कुठे पाणी मुरतंय, हे तिथे बोटांनी चाचपून ओळखावं लागे. पुढे तिने माणसंही तशीच चाचपायला घेतली. नोकरी संपल्यावर ती लोकांच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवू लागली. उन्हाळा नुकता लागला की परसात पेरूच्या सावलीत सतरंजी टाकायची आणि ऊन अंगावर येईपर्यंत टाके घालत बसायचं, यापरतं सुख तिला ठाऊक नव्हतं.

घर तिचं आणि धाकट्या भावाचं. भाऊ पाणीपुरवठ्यात पंप चालवून निवृत्त झालेला; बायको गेल्यापासून दोघांचं बरं चाललं होतं.

यंदा मात्र भावाला बागेचं वेड लागलं. ज्याने जन्मात तुळशीला तांब्याभर पाणी घातलं नाही, तो रोज संध्याकाळी मिरचीची रोपं घेऊन येऊ लागला. दोन माणसांच्या घराला एवढ्या मिरच्या कशाला, असं आक्काने विचारलं, तर म्हणे, मातीत हात घातला की तब्येत बरी राहते. आपणहून तब्येतीचं नाव काढणारा पुरुष काहीतरी लपवत असतो, हे आक्काचं पक्कं मत. शिवाय पाणी घालताना तो शीळ वाजवी. ते तर फारच वाईट लक्षण.

अशात कोपऱ्यावरची रोपवाली जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आली. नवरा वारलेली, एकटीच राहणारी बाई, आणि गोधडी मागितली दोघांची. आक्काने नोंद घेतली, मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवशी कापडं निवडताना हाताला निळ्या चौकडीचा शर्ट लागला. तिने पट्टी उलटून पाहिली. काजाच्या टोकाला आडवा दुहेरी टाका. तिचाच हात. हा शर्ट तिने भावाला शिवून दिला होता, आणि तो दोरीवरून वाऱ्याने उडाला असं भावाने तोंड वर करून सांगितलं होतं. वारा शर्ट उडवील, कबूल. पण धुऊन, घडी घालून दुसरीच्या गाठोड्यात ठेवील?

भावाला तिने काही विचारलं नाही. विचारलं की माणूस उत्तर रचून ठेवतो. दुपारी टेप घेऊन ती रोपवालीकडे गेली. गोधडीचं माप पक्कं करायचंय, हे निमित्त. तिथे रबरी पाइपाला एक चीर होती आणि तिच्यावर सुतळी घट्ट गुंडाळून टोक उलटं आत खोचलेलं होतं. घरचा पाइपही भावाने असाच बांधलेला. हा कोणी बांधला, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. बांधला एकाने, म्हणाली रोपवाली, आणि शेंडे खुडत राहिली.

परतताना आक्काने हातातला टेप उगाचच गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. शर्टाचं तिला काही नव्हतं. हा त्या बाईकडे राहायला गेला, तर घरात बोलायला उरणार कोण? भिंती?

संध्याकाळी शर्ट मांडीवर ठेवून ती परसात बसली.

"वाऱ्याने परत आणून टाकला बघ," ती म्हणाली.

भावाच्या हातातला पाइप एकाच रोपावर वाहत राहिला. चिखल झाल्यावर तो बोलू लागला. रोपवालीची जागा मालकाला परत हवी होती. दोघांनी एकत्र राहायचं ठरवलं होतं, पण तिकडे नाही, इथे. पहिलं रोप आणलं तेव्हापासून सांगायचं होतं, पण धीर होत नव्हता.

आक्काचा जीव भांड्यात पडला, तो घटकाभरच. म्हणजे बाईचा डोळा परसावर होता तर!

"तिला तू आवडलास की हे परस?"

"ते मी विचारलं नाही," भाऊ म्हणाला.

"तू कशाला विचारशील. उद्या पाठव तिला."

रोपवाली आली ती मातीच्या हातांनीच. आक्काने तिला बस म्हटलं नाही. शर्ट गाठोड्यात चुकून आला का, एवढंच विचारलं.

"मुद्दाम घातला, आक्का. हे तोंड उघडेनात. आमची आक्का स्वतःचं काज शंभरांत ओळखते, एवढी बढाई मात्र रोज. म्हटलं, बघू तरी."

"आणि तुला हवंय कोण? हा की हे परस?"

रोपवालीने पेरूकडे पाहिलं, दाटीवाटीने लावलेल्या मिरच्यांकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"आधी परस आवडलं, खोटं कशाला बोलू? पण नुसतं परस हवं असतं, तर भाड्याने मागितलं असतं. हा डोक्याला ताप कशाला घेतला असता?"

आत भावाला ठसका लागला. आक्का तिच्या तोंडाकडे निरखून पाहत राहिली. सुटलेला टाका कुठे सापडेना, याचाच तिला राग आला.

"ही जाड सुई घे," ती म्हणाली, "आणि गोधडीच्या त्या कडेला बस. टाके मोठे घातलेस तर उसवायला लावीन."

पहिली ओळ तिने खरोखरच उसवायला लावली. दुसरी चालवून घेतली. पण खालून हात घालून गाठी तपासल्याच.