बंद करायचा क्रम

आमच्या घरात एकच खोली होती आणि ती मागाची होती. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बाबा लुगडी विणायचे. उरलेल्या जागेत आम्ही पाच जण जेवायचो, निजायचो. शाळेतून आले की मी आईबरोबर सुताच्या कांड्या भरायला बसे. यंत्रमागाचं कापड बाजारात आलं आणि बाबांच्या लुगड्यांना गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा कितीतरी दिवस भाकरीबरोबर फक्त मिरचीचा ठेचा असे.

त्या घरातून मी इंजिनियर झाले. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात मी नागपुरातल्या एका लहानशा कारखान्यात लागले. सावनेरकडच्या एका खाणीसाठी आम्ही कॅमेरा बनवला होता. कोळसा वाहून नेणाऱ्या फिरत्या पट्ट्यावरून तो जिथं खाली पडतो तिथं लक्ष ठेवायला एक माणूस दिवसभर धूळ खात उभा असे. कॅमेरा लागल्यापासून तो लांबच्या खोलीत बसून टीव्हीवर पट्टा पाहायचा.

तेव्हा कॅमेऱ्यात काचेची नळी असे. तिच्या आत इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत ओळीओळीनं फिरून चित्र उचलतो. सुरू करताना क्रम पाळावा लागतो: आधी हीटर तापवायचा, मग झोत फिरवणारं सर्किट, आणि झोत सगळ्यात शेवटी. हा क्रम सांभाळणारा मायक्रोप्रोसेसरचा प्रोग्राम माझा होता. तो एकदाही चुकला नाही. तरी दोन नळ्या गेल्या. दोन्हींच्या मधोमध जळका डाग.

कारखान्याच्या मालकांनी तिसरी नळी माझ्या टेबलावर ठेवली. "बाई, ही शेवटची. हिलाही डाग पडला तर कॅमेरा परत आणू. मग तिथं पुन्हा माणूस उभा राहील."

आठवडाभर मी प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. चूक सापडेना.

रविवारी दुपारी घरी बसले होते. बाबा विणत होते आणि लाईन गेली. खोलीला खिडकी नव्हती, मागावरचा दिवा विझला की दिवसाही काळोख. बाबांनी हातातला धोटा ठेवला, चाचपडत ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, दोरी सैल केली आणि मगच उठले. लहानपणापासून पाहत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "बाबा, काही दिसून नाही राहिलं, तरी आधी दोरीच काहून?"

"काहून म्हणजे? ताण तसाच ठेवून उठलो तं सूत तुटते ना."

"पण आत्ता तं लाईन अचानक गेली."

"लाईन का तुले इचारून जाते वं?" बाबा म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

अंधारातच मला माझा प्रोग्राम आठवला. चालू करायचा क्रम मी डोळ्यांत तेल घालून लिहिला होता. बंद करायचा लिहिलाच नव्हता. वीज गेली की झोताचं फिरणं आधी थांबायचं, झोत मात्र क्षणभर उरायचा आणि एकाच जागी पडून नळी जाळायचा. खाणीवर लाईन रोज जायची.

सोमवारी मी वीज गेल्याची खबर देणारी एक तार प्रोसेसरला जोडली. साठवलेल्या विजेवर तो सेकंदाच्या अगदी लहानशा तुकड्यापुरता जिवंत राहायचा. तेवढ्यात सगळं काम टाकून त्यानं आधी झोत तोडायचा, असं लिहिलं.

खाणीवर नळी बसवली आणि मी स्वतः मेन स्विच ओढला. मालक म्हणाले, एवढ्यानं कळलं, आता पुरे. मी ऐकलं नाही. वीस वेळा बंद करून पुन्हा चालू केला. शेवटी मालकांनी टीव्हीजवळ खुर्ची ओढली आणि काच रुमालानं पुसून पाहिली. चित्रात डाग नव्हता.

पुढं त्या कारखान्यातून गेलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात बंद करायचा तो क्रम होता, आणि तो मी लिहिलेला होता. त्या पट्ट्याजवळ पुन्हा माणूस उभा करावा लागला नाही.