नवव्या व्हॉल्व्हची धडधड

पहाटे चार वाजून बावन्न मिनिटं, सोमवार, ११ डिसेंबर २००६. नाशिकच्या गंगापूर रोडलगतच्या एका कॉलनीत हिरामण दोंदे रस्त्यातल्या चौकोनी खड्ड्यावर वाकून कमरेइतक्या उंचीची लोखंडी चावी फिरवत होते. ते पाणीपुरवठ्यातले व्हॉल्व्हमन. वय सेहेचाळीस, नोकरी एकवीस वर्षांची. हा त्यांच्या फेरीतला नववा व्हॉल्व्ह. तो पूर्ण उघडायला सत्तावीस फेरे लागतात.

पहिले आठ व्हॉल्व्ह जोडीदार बारकूने उघडले होते. हिरामण बॅटरी धरून उभे. नवव्याला बारकू पायाचा चिखल पुसत मागे राहिला, तेवढ्यात त्यांनी चावी घेतली. अकराव्या फेऱ्याला ते थांबले आणि डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर ठेवली.

"काय झालं?" बारकू धावत आला. "दे इकडं. तुला काय झालं तर जबाब मला द्यावा लागल."

"आली धडधड."

"मग बस ना खाली."

"बसून काय करू? छातीला यंत्र संध्याकाळी लागणार, अन् ही आत्ताच आली."

दोन मिनिटांत धडधड गेली. नेहमी तशीच जाते.

मार्चमध्ये याच फेरीत त्यांच्या हातून चावी सुटली. तोंड वाकडं झालं, उजवा हात लटका पडला. त्यांना दवाखान्यात नेण्याच्या गडबडीत व्हॉल्व्ह उघडाच राहिला. त्या गल्लीला साडेनऊपर्यंत पाणी आलं. एकही तक्रार आली नाही.

डोक्याच्या स्कॅनमध्ये रक्ताची गाठ अडकल्याची खूण दिसली. ती कुठून आली, ते दिसलं नाही. मानेच्या रक्तवाहिन्या स्वच्छ. साखर, चरबी ठीक. हृदयाची सोनोग्राफी ठीक, ईसीजीची पट्टीही ठीक. रक्तदाब थोडा जास्त होता, त्याची गोळी सुरू झाली. बिडी सुटली, जेवणातलं मीठ कमी झालं, रक्त पातळ ठेवणारी साधी गोळी रोजची झाली. कागदावर शेवटी लिहिलं : कारण अज्ञात.

शेजाऱ्यांना मात्र कारणं माहीत होती. पहाटेचा गारठा, पंखा, टेन्शन. एकाने त्यांच्या उशीची उंचीही मोजली. हिरामण ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "मग परत येणार का नाय, तेवढं सांगा." दोन महिन्यांत हात बराच सुधारला, जूनमध्ये ते कामावर आले. चावी मात्र बारकूने सोडली नाही.

नोव्हेंबरमध्ये उपचार करणाऱ्या डॉ. मोहिनी देवरेंनी हिरामण यांच्या छातीला चोवीस तासांचं यंत्र लावलं. पट्ट्यात अडकवलेली छोटी पेटी हृदयाचा ठोका न् ठोका नोंदवते. सोबत एक तक्ता : किती वाजता काय केलं ते लिहायचं.

हिरामण यांनी रजा टाकली. तपासणी म्हणजे पडून राहायचं, असं घरात सगळ्यांनी धरून चाललेलं. पत्नी सिंधुबाईंनी टीव्ही बंद ठेवला, भेटायला आलेल्यांना दारातून परत पाठवलं. पाणीसुद्धा खाटेवर दिलं. सातवीपर्यंत शिकलेल्या सिंधुबाईंनी तक्ता सुवाच्य अक्षरात भरला : सहा ते आठ, आराम. आठ ते दहा, आराम. शेवटपर्यंत तेच.

नोंद निर्दोष निघाली. डॉक्टरांनी तक्ता वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"दोंदे, धडधड कधी होते तुम्हाला?"

"चावी फिरवताना. आठव्या-नवव्या व्हॉल्व्हला. दोन वर्षं झाली."

"हे मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं, छातीत दुखतं का. दुखत नाय."

"अहो, दम लागेल म्हणून यांना उठूसुद्धा दिलं नाही मी," सिंधुबाई म्हणाल्या.

"तेच तर चुकलं. यंत्र होतं तेव्हा धडधड आलीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं. काही जणांच्या हृदयाचा वरचा कप्पा मध्येच नुसता थरथरतो. तिथे रक्त साचतं, गाठ होते आणि मेंदूत जाऊन अडकते. थरथर थांबली की पट्टी पुन्हा नेहमीसारखी. "कारण सापडलं नाही, म्हणजे कारण नाही असं नसतं. ही थरथर असेल तर रक्त पातळ ठेवणारी तुमची साधी गोळी पुरणार नाही, जोरदार द्यावी लागेल. पण तिच्याने रक्तस्राव होऊ शकतो. पुराव्याशिवाय मी ती देणार नाही."

"म्हणजे पुराव्याआधी झटका आला तर आला," हिरामण म्हणाले. यंत्राची पुढची तारीख एका महिन्याने मिळाली. डॉक्टरांनी सोबत एक चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी हिरामणनी आज नवव्या व्हॉल्व्हपाशी बारकूपुढे धरली. तीत लिहिलं होतं : यंत्र असताना यांना नेहमीचे काम करू द्यावे, चक्कर आल्यास थांबावे. बारकूने बॅटरीच्या उजेडात ती दोनदा वाचली.

"पडला तर काय करायचं ते नाय लिहिलं."

"मागं लिहिलंय."

मागे डॉक्टरांचा फोन नंबर होता. बारकूने चिठ्ठी खिशात घातली आणि उरलेले सोळा फेरे स्वतः फिरवले.

"उद्या तू फिरव. आज नाय," तो म्हणाला. "अन् उद्या आलीच नाय ती, तर?"

"तर परत महिनाभर थांबायचं."

यंत्र आज संध्याकाळी सहाला लागेल, उद्या मंगळवारी सहाला निघेल. मधल्या वेळात चौदा व्हॉल्व्ह आहेत. पहिला चार वाजून दहा मिनिटांनी उघडतो, नववा चार बावन्नला.