आधी मोत्या, मग बहादूर

माझ्या बापाचं नाव कुत्र्याच्या नंतर आलं. आणि जे आलं, ते त्याचं नावही नव्हतं.

तेव्हा मी शाळेत होते. हंगाम आटपला होता. शेवटचा आंबा उतरला की तात्या बागेत राखण देत. राखण म्हणजे जागेच्या देवाचा वार्षिक मान. कोंबडा, वडे, नारळ. बागेच्या कोपऱ्यात दगडांच्या गडग्याला टेकून एक काळा दगड आहे, तोच देव. त्याच्यासमोर उभं राहून मालक गाऱ्हाणं घालतो, म्हणजे काय काय सांभाळायचं ते देवाला मोठ्याने सांगतो. प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी हात जोडून म्हणायचं, "व्हय म्हाराजा."

तात्या मालक. जामसंड्याच्या सड्यावर त्यांची हापूसची बाग. माझे बा त्या बागेचे राखणदार. दिवसभर वानरं हाकायची, कलमांना पाणी द्यायचं, पेट्या उचलायच्या. आम्ही राहायचो बागेतल्या मांगरात. पत्र्याखाली एकच खोली. अर्धी पेट्यांना, अर्धी आई-बांना आणि मला.

देवगडच्या बागांतून आमच्यासारखी पुष्कळ नेपाळी माणसं आहेत. सगळ्यांचं नाव एकच. बहादूर. माझ्या बांचं नाव धनीराम. बहादूर हा शब्द त्यात औषधालाही नाही.

त्या सकाळी काकांचा फोन आला होता. काका म्हणजे बांचा धाकटा भाऊ. नेपाळच्या राजाविरुद्ध बंदूक घेऊन जंगलात गेलेला कम्युनिस्ट. फोनवर इतका ओरडत होता की मलाही ऐकू आलं. "दाजू, राजा गयो! अब हाम्रो पालो!" दादा, राजा गेला, आता आपली पाळी.

बा मांगराबाहेर येऊन उगाच हसत उभे राहिले. त्यांना तसं मी कधी बघितलं नव्हतं. तिकडे आमच्या गावात राजाचा फोटो मुखियाच्या ओसरीवर होता आणि मुखियाचा पाय आमच्या मानेवर. तो फोटो उतरणार होता. बांना ते कुणाला तरी सांगायचंच होतं. सांगायला होतं कोण? तात्या. ते तात्यांकडे गेले आणि म्हणाले, "मालकांनु, आमचो राजा गेलो."

तात्यांनी पान चघळत विचारलं, "मगे? आता तू राजा होतलस काय रे?"

मुंबईचे पाहुणे आले होते. ते हसले. बासुद्धा हसले. मला वाटलं, झालं, संपलं.

दुपारी गाऱ्हाण्याला तात्या उभे राहिले. आवाज भारदस्त. "बा देवा म्हाराजा, माझ्या घरादाराक राख." व्हय म्हाराजा. "माझ्या कलमांक राख." व्हय म्हाराजा. "माझ्या मोत्याक राख." मोत्या त्यांचा कुत्रा, तिथेच शेपूट हलवत बसला होता. व्हय म्हाराजा. मग तात्या थांबले. पाहुण्यांकडे बघून त्यांनी डोळा मारला.

"आणि मोत्याच्या पाठोपाठ ह्या बहादुराक राख. हेचो राजा गेलो म्हाराजा. हेका आता वाली नाय. मोत्याक घालतंय, तसो हेकाय भाकरीचो कुटको घालीन."

सगळे फसकन हसले. आणि हसत हसतच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

बासुद्धा म्हणाले. हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांत मोठ्याने.

त्यांना कळलं नव्हतं असं नाही. ते माझ्या जन्माआधीपासून कोकणात होते. मालवणीतली शिवी त्यांना आधी कळायची, जेवायचं आमंत्रण नंतर. संध्याकाळी मी विचारलं, "तुम्ही व्हय का म्हणालात?" चुलीपुढे बसलेली आई माझ्यावरच खेकसली. बा म्हणाले, "हे छप्पर कुणाचं आहे?" बस्स. एवढंच उत्तर. ते मला आजपर्यंत पुरलंय. घशात अडकलेल्या काट्यासारखं.

त्या पावसाळ्यात आम्ही गावी गेलो. कायमचे. निदान बा तसं म्हणत होते. आपलं राज्य आलंय, जमीन वाटणार आहेत, आता कुणाच्या कलमांना पाणी घालायचं नाही. आईने मांगरातली तुळससुद्धा डब्यात घालून सोबत घेतली होती. बसमध्ये, गाडीत, पुन्हा बसमध्ये, बा मला सांगत होते, तुला तिकडच्या शाळेत घालू.

गावात खरंच मुखियाच्या ओसरीवरचा राजा उतरला होता. त्या जागी विळा-हातोडा. मुखिया मात्र तोच. गळ्यात लाल फडकं, पक्षाचा मोठा माणूस. त्याने बांना मिठी मारली. "ये कॉम्रेड," म्हणाला. बा भारावले. मग त्याने पायरीकडे बोट दाखवलं, बा पूर्वी बसायचे तिथेच. आणि म्हणाला, "कॉम्रेड, जरा ती पोती आत टाक."

बांनी पोती आत टाकली.

जमीन वाटली गेली नाही. काका बंदूक खाली ठेवून लढवय्यांच्या छावणीत बसून होता, पुढे आखातात गेला, तिथे कुणाच्या तरी इमारतीला रंग देतो. लढाईत मेलेल्या पोरांच्या नावाने चौकात एक खांब उभा राहिला. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. तिकडे कॉम्रेड, इकडे बहादूर, पोती आणि पेट्या उचलायचा खांदा एकच. हंगामाआधी आम्ही परत आलो. तात्यांनी मांगराचं कुलूप काढलं आणि म्हणाले, "इलस? माका म्हायत होता."

मला त्या दिवशी तात्यांचा जेवढा राग आला, त्याहून जास्त त्या लाल फडक्याचा आला. तात्यांनी आम्हाला कधी काही कबूल केलं नव्हतं.

मी मराठी शाळेत शिकले. पोरं गुरखीण म्हणायची. मी त्यांच्याहून चोख मालवणी बोलायचे, तरी. पुढे आई तापाने गेली. मी जामसंड्यात औषधांच्या दुकानात लागले. चार जण ताई म्हणू लागले. पण संध्याकाळी जायचं कुठे? मांगरात. मालकाच्या छपराखाली. भाड्याने खोली बघायला गेले की लोक प्रेमाने बोलतात, नाव विचारतात, आणि मग खोली कालच गेलेली असते.

तात्या वारले. आता बाग त्यांच्या मुलाकडे आहे. सगळे त्याला भाई म्हणतात. त्याने बागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. बांचे गुडघे गेलेत, वानरांमागे धावणं होत नाही. भाईने त्यांना नवं काम दिलं. खाकी शर्ट, तिरकी टोपी, कमरेला कुकरी. फाटकात उभं राहायचं, गाडी आली की सलाम ठोकायचा. बांनी आयुष्यात कुकरी वापरलेली नाही. लोक त्यांच्यासोबत फोटो काढतात, पोरांना सांगतात, हे बघ, खरा गुरखा. बा हसतात. ते हसू मी ओळखते.

यंदाच्या राखणीला पर्यटक मोबाईल उगारून उभे होते. भाईने वडिलांचं गाऱ्हाणं तोंडपाठ केलंय. घर झालं, कलमं झाली, पर्यटकांच्या खोल्या झाल्या. मोत्या झाला, कुत्रा नवा, नाव तेच. मग भाई पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "आता आमची परंपरा." आणि सुरू केलं, "मोत्याच्या पाठोपाठ ह्या बहादुराक राख रे म्हाराजा."

परंपरा! माझ्या बापाची बेइज्जती आता परंपरा झाली होती.

मी म्हणाले, "नाय."

मोठ्याने. मलाच माझा आवाज परका वाटला. हसू जागच्या जागी थिजलं. गाऱ्हाण्यात नाय म्हणत नाहीत. तोंडून चुकूनही गेलं तर गाऱ्हाणं मोडतं, वर्ष वाईट जातं. आंबे उतरवणारा एक म्हातारा पुटपुटला, "गाऱ्हाण्यात नाय म्हणतत काय गो? माझ्या जन्मात आयकूक नाय." भीती मलाही वाटली. याच दगडासमोर मी वाढलेय.

भाई म्हणाला, "तुका खूळ लागला काय गो? व्हय म्हण."

"माझ्या बापाशीचा नाव धनीराम. माणसांत घे, नायतर वगळ."

पर्यटकांनी मोबाईल खाली केले. बा माझ्याकडे आले, कुकरी हलत होती. मला वाटलं, आज तरी माझ्या बाजूला उभे राहतील. त्यांनी माझा दंड धरला आणि आमच्या भाषेत म्हणाले, "व्हय म्हण, पोरी. माझ्यासाठी म्हण." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांनाही नाही म्हणाले. सगळ्यांत कठीण ते होतं, भाईला म्हटलेलं नव्हे.

भाईने निरोप पाठवलाय. रविवारी नारळ घेऊन ये, देवासमोर चुकलंय म्हण. नाहीतर पावसाआधी मांगर खाली करा. नारळ बांनी आणलाय. शेंडी ठेवून सोललाय, माझ्या अंथरुणापाशी ठेवलाय. माझ्याशी ते बोलत नाहीत. ते बोलले नाहीत की माझा जीव तुटतो. पण जीव तुटतो म्हणून व्हय म्हणायचं, हेच तर आम्ही सगळे आजवर करत आलोय, या देशात आणि त्या.

तो नारळ देवाला जाणार नाही. माझं देवाशी भांडण नाही. आज मी तो फोडला, खवणला, आमटीत घातला. बांनी ताट पुढे ओढलं, आमटीतलं खोबरं बघितलं, आणि जेवले.

रविवारी मी जाणार आहे, रिकाम्या हातांनी. पुढे कुठे राहू, मला माहीत नाही. काय बोलायचं, ते माहीत आहे. "भाई, माझो बापूस तुझो पगारी माणूस आसा, पाळलेलो न्हय. मांगर तुका होयो तर घे."