वरच्या दोन भाकरी

गेल्या हिवाळ्यातला एक रविवार, दुपारी दीडची वेळ. बिल अठराशे पन्नास रुपये. जेवायला आम्ही पाच जण: मी, माझी बायको, आई, सांगलीहून आलेली धाकटी बहीण आणि तिचा नवरा. वाढायला जो होता, हे त्याच्याविषयी.

साताऱ्याहून कराडकडे जाताना हायवेला एक मटण खानावळ आहे. नाव सांगत नाही. रविवारी बाहेर लागलेल्या गाड्यांवरून ओळखाल. हा तिथला जुना वाढपी. साठी उलटलेला, खांद्यावर पंचा. भाकरी ताटात टाकायचा, बोटे पंच्याला पुसायचा आणि म्हणायचा, "चालू द्या, मी हाय मोजायला."

थाळी साडेतीनशेची, त्यात दोन भाकरी. तिसरीपासून प्रत्येकीचे वीस रुपये वर. त्याच्याकडे ना कागद, ना पेन. आठ टेबलांचा हिशेब डोक्यात ठेवायचा, आणि माणसे हात धुवायला उठली की गल्ल्याकडे तोंड करून हाळी द्यायचा. अख्ख्या हॉलला कळायचे कुणी किती खाल्ले. सुट्टीवर आलेल्या एका जवानाला म्हणाला होता, "सहा झाल्या, फौजी. खावा. तिकडं बर्फात कोण वाढतंय तुमाला?" माणसे हसायची, आणि खरे सांगायचे तर ते ऐकायलाही यायची.

एकदा एका गिऱ्हाइकाने पाचवी भाकरी खाल्लीच नाही असा वाद घातला. याने शांतपणे सांगितले, "तिसरी रश्श्यात चुरली, चौथी कांद्यासंगं खाल्ली, पाचवीचा काठ अजून ताटात हाय. बघा." काठ होता. मीही हिशेबाचा माणूस. घरी आल्यावर बायकोला म्हणालो होतो की असा माणूस आमच्या ऑफिसात हवा.

त्या रविवारी मात्र तो जरा दबलेला होता. जुने मालक वारले होते. मुलाने ऑर्डर घ्यायला मशीन आणले होते आणि याला ते जमत नव्हते. रस्सा वाढताना माझ्या कानाशी म्हणाला, "आता एक तक्रार आली की घरी जा म्हणलाय धाकला मालक. तुमी नगा करू म्हंजी झालं."

"मी कशाला करतोय," मी म्हणालो.

आई माझ्यासमोर बसली होती. शुगर निघाल्यापासून तिचे प्रमाण मी ठरवून दिलेले आहे: दुपारी एक भाकरी, रात्री अर्धी. बहिणीला मी फोनवर नेहमी सांगतो, आईला तेवढेच लागते. त्या दिवशी आईने खाली मान घालून चार खाल्ल्या. चौथी वाढताना तो हळूच म्हणाला, "मावशी, लाजू नगा." मी मोजत होतो. चारच.

आम्ही उठलो आणि हाळी आली. "पाच थाळी. वरच्या भाकरी पाच. दाजी तीन, मावशी दोन."

बहीण बेसिनपाशीच थांबली. "दादा, आईनं चार खाल्ल्या? घरी तर एकच लागते म्हणतोस."

बायकोने माझ्याकडे पाहिले. दाजी दात कोरत म्हणाले, "मोजून वाढत असतील घरी." शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसले.

"त्याचं चुकलंय," मी म्हणालो. आवाज गल्ल्यापर्यंत जाईल इतका होता. "आई दोनच्या वर खात नाही."

धाकटा मालक उठून आला. वाढपी म्हणाला, "साहेब, मी सोता वाढल्यात."

सगळ्यांनी आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे पाहिले, मग पदराने तोंड पुसले. "दोनच खाल्ल्या रं बाबा."

त्याने तिच्याकडे पाहिले, बोटे पंच्याला पुसली. मग मालकाला म्हणाला, "व्हय. माजं चुकलं. मावशींनी दोनच खाल्ल्या."

"लय झालं तुझं," मालक म्हणाला. "उद्यापासनं येऊ नगंस."

त्याने पंचा खांद्यावरून काढला, घडी घातली आणि गल्ल्यावर ठेवला. बिलातून चाळीस रुपये वजा झाले. मी अठराशे दहा दिले. दरवेळी त्याच्या हातावर पन्नास ठेवायचो, त्या दिवशी ठेवले नाहीत. चुकलेल्या माणसाला बक्षिसी दिली असती तर बहिणीला काय वाटले असते?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बायकोला सांगितले, आईला आज हव्या तेवढ्या वाढ. आईने ताटावर हात आडवा धरला. "दोनाच्या वर मी खात न्हाई. तूच सांगितलंस की सगळ्यांला." आणि त्या दिवशी ती अर्ध्यावरच उठली.

महिन्याभराने मी एकटाच तिथे गेलो. एक तरुण पोरगा मशीनवर बोट फिरवत उभा होता. म्हाताऱ्याचे विचारले, तर म्हणाला, "गेला गावाकडं, कवठे महांकाळला. फोन न्हाई त्याच्याकडं." मी गल्ल्यावर जाऊन धाकट्या मालकाला सांगितले की त्या दिवशी आईने चारच खाल्ल्या होत्या, म्हातारा बरोबर होता.

"असू दे की," तो म्हणाला. "त्याला काढायचाच हुता."

मी चाळीस रुपये पुढे केले. त्याने ते गल्ल्यात टाकले आणि मशीनमधून पावती काढून दिली: भाकरी, दोन नग.