अकरा वेळा मेलेली धोंडाबाई

मी अन्वर. भोर फाट्याच्या अलीकडं, महामार्गाला चिकटून माझं पंक्चरचं दुकान आहे. दिवसभर रस्ता बघणं हाच धंदा, म्हणून धोंडाबाईची गोष्ट माझ्याइतकी नीट कुणालाच ठाऊक नाही.

धोंडाबाई, आमची सगळ्यांची मावशी, विंझरची लेक. लग्न होऊन आमच्या वस्तीवर आली तेव्हा हा रस्ता दोन बैलगाड्यांपुरता होता. घर अलीकडं, शेत पलीकडं. चाळीस वर्षं तिनं तो दिवसातून चार वेळा ओलांडला. पुढं रस्ता चौपदरी झाला, विकास आला, फक्त माणसानं पलीकडं कसं जायचं तेवढं सांगायचं राहून गेलं. मावशीनं आपलं आपण ठरवलं. कडेला उभं राहायचं, उजवा हात वर करायचा, ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं आणि चालू लागायचं. पळायचं नाही, मागं फिरायचं नाही. ड्रायव्हर आईमाई काढत ब्रेक दाबायचा. मावशी ते मनावर घेत नसे.

शाळाही पलीकडंच. रोज सकाळी वस्तीतली नऊ लेकरं तिच्या मागोमाग जायची, त्यात तिची नात प्रेरणा. पण मावशीचा गुडघा गेला, आणि तिच्या मुलानं जाहीर केलं की दिवाळीनंतर प्रेरणा घरी बसेल. गाडीखाली जाण्यापेक्षा अडाणी राहिलेली बरी. त्या दिवशी मावशी माझ्या दुकानात टायरवर बसून रडली. गतिरोधकासाठी तिनं तीन अर्ज दिले होते. अर्ज गेले ते गेलेच.

अशात, दोन हजार सात साली, पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचे साहेब जीपमधून उतरले. शहरांसाठी बटणाचा सिग्नल बनवत होते म्हणे. बटण दाबलं की गाड्यांना लाल, माणसाला हिरवा. पण उभारायच्या आधी तो व्हर्च्युअल रिॲलिटीत तपासायचा, म्हणजे डोक्यावर डबा घालायचा आणि डब्यातला रस्ता ओलांडायचा. खेड्यातल्या आजीला जमलं तर शहरात कुणालाही जमेल, हा त्यांचा हिशोब. वस्ती पास झाली तर पहिला सिग्नल आम्हाला. मावशीनं विचारलं, त्यापरीस गतिरोधक टाकता का? साहेब हसले. गतिरोधक ही काही टेक्नॉलॉजी नव्हे, म्हणाले.

चाचणी शाळेत ठेवली. म्हणजे बघा, रस्ता ओलांडता येतो का हे दाखवायला मावशी खरा रस्ता ओलांडून, गुडघा धरून, हात वर करून तिथं पोचली. खोलीच्या खिडकीतून तो रस्ता समोर दिसत होता. साहेबांनी खिडकीला पडदा लावला, उजेडानं काम बिघडतं म्हणून. भारनियमन असल्यानं जनरेटर माझा होता, त्यामुळं मलाही आत उभं राहायला मिळालं.

मावशीला डब्यात जे दिसत होतं ते आम्हाला संगणकाच्या पडद्यावर दिसायचं. धुऊन काढलेला रस्ता, धुऊन काढलेले ट्रक. मावशीनं सवयीनं हात वर केला आणि निघाली. ट्रक अंगावरून गेला. साहेबांनी कागदावर खूण केली आणि बटण दाबायची आठवण केली. बटण तेवढं खरं होतं, टेबलावर ठेवलेलं. दुसऱ्यांदा पुन्हा हात, पुन्हा ट्रक. चौथ्यांदा मेल्यावर तिनं खाली बघितलं.

"साहेब, माझा हात कुठाय?"

साहेबांनी समजावलं की चित्रात हातपाय काढलेले नाहीत, त्यांची गरज नाही.

"आन् गाडीत डायवर बी न्हाई."

त्याचीही गरज नव्हती. लाल दिवा लागला की गाड्या आपोआप थांबतात, असं त्यांनीच संगणकात लिहून ठेवलं होतं. धन्य ते शहर! माझं डोकं सणकलं होतं, पण मावशीनं खुणेनं गप्प केलं. अकरा वेळा मेली बिचारी, आणि अकराही वेळा साहेबांनी लिहिलं, वापरकर्ती सूचना पाळत नाही.

बाराव्या खेपेला तिनं प्रेरणाचं नाव घेतलं, बटण दाबलं, हात पदरात गुंडाळला आणि हिरवा लागल्यावर मुकाट चालत गेली. ट्रक शहाण्यासारखे थांबले. टाळ्या पडल्या. मावशी पास झाली.

महिन्यात सिग्नल उभा राहिला, फीत कापली, पेढे वाटले. खऱ्या ड्रायव्हरांना मात्र संगणकानं काहीच कळवलं नव्हतं. माळरानावर दिवा कशाला, एखाद्या ढाब्याची रोषणाई असेल, असं समजून ते सुसाट जायचे. मग मावशी एका हातानं बटण दाबायची आणि दुसरा वर करायची. बटण साहेबांसाठी, हात ड्रायव्हरसाठी. मुलगा म्हणाला, बघितलं ना, दिवाळीनंतर पोरगी घरी.

दिवाळीच्या तोंडावर साहेब पाहणीला आले. दुकानापाशी उभे राहून त्यांनी बघितलं. मावशीच्या मागोमाग नऊ लेकरं सुखरूप पलीकडं गेली, साहेबांनी 'यशस्वी' लिहिलं. मी म्हणालो, साहेब, त्या हाताकडं बघा. ते म्हणाले, हाताचा रकाना नाही. मी पान्हा खाली ठेवला, नाहीतर माझ्याकडून काहीतरी झालं असतं.

आता त्यांना शाळेत सही घ्यायला जायचं होतं. बटण दाबलं, हिरवा लागला, एक पाय टाकला, आणि टँकर भोंगा वाजवत नाकासमोरून गेला. तीनदा झालं. तेवढ्यात मावशी परत आली. साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "आजी, जरा हात करता का?"

तिनं हात वर करून त्यांना दुभाजकापर्यंत नेलं. तिथं थांबली आणि हात खाली घेतला. दोन्ही बाजूंनी ट्रक, मध्ये साहेब. त्यांनी तिचा दंड घट्ट धरला. काय बोलणं झालं ते मला मावशीनं नंतर सांगितलं.

"आदी गतिरोधक लिवा," ती म्हणाली. "मग हात करते."

साहेब म्हणाले, ऑफिसात गेल्यावर लिहितो. मावशी म्हणाली, मला घाई न्हाई. साहेबांनी तिथंच दुभाजकावर फाईल टेकवून गतिरोधकाची शिफारस लिहिली, तारीख घातली, सही केली. लिहिता येत नसलं तरी सही कशी असते हे मावशीला ठाऊक होतं. तिनं ती नीट बघितली आणि मगच हात वर केला.

तीन अर्जांनी जे झालं नाही ते त्या कागदानं पंधरा दिवसांत झालं. दोन्ही बाजूंना गतिरोधक पडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा प्रेरणा दप्तर घेऊन निघाली आणि आजी उंबऱ्यात गुडघा शेकत बसून राहिली.

सिग्नल पुढच्या पावसाळ्यात बंद पडला. ते कळायला वस्तीला दोन महिने लागले.