भट्टीची हवा घुसळली तेव्हा

१९७४ साल. मी चौतीस वर्षांचा होतो. शाळा तिसरीतच सुटली, पण सोलापुरात चादरीचं सूत रंगवायचं काम मी कुणाच्या हाताखाली करत नव्हतो. शेड भाड्याची, पण सूत वाळवायची खोली मी स्वतः बांधलेली. बाहेर भट्टी, तिथं तापलेली हवा पंखा पत्र्याच्या नळातून आत ढकलायचा. पावसाळ्यात उन्हाची वाट बघायला नको.

पण नळाजवळचा लाल रंग करपून विटकरी व्हायचा आणि दाराजवळच्या सुताच्या लड्या ओल्याच राहायच्या. चादरीच्या कारखानदारानं बजावलं, "या खेपेला डाग दिसला तर सूत दुसरीकडं देणार." तेच माझं मोठं गिऱ्हाईक. मी काय केलं, तर भट्टीत आणखी लाकूड घातलं.

बायको म्हणाली, "चहातली साखर ढवळायची न्हाय, आन् गोड लागंना म्हणून जाळ वाढवायचा!"

तेव्हा तिचा धाकटा भाऊ रजेवर आला होता. तो मुंबईला अणुभट्टीच्या कामावर. जेवताना सांगू लागला, परदेशात काही अणुभट्ट्या पाण्यानं नाही, हेलियम वायूनं थंड ठेवतात. वायू भट्टीच्या गाभ्यातल्या भोकाभोकांतून तापून बाहेर येतो, पण सगळीकडं सारखा तापत नाही. गरम धार न मिसळता तशीच निघाली, तर जिथं आदळेल तिथलं लोखंड तडकायची भीती.

"दाजी, तुमचंबी दुखणं त्येच हाय की."

"तुझी अणूची भट्टी, माझी सुताची. उगं कायबी जोडू नको."

"आक्का, ऊद हाय का घरात?"

त्यानं उदाचं धुपाटणं पंख्याच्या तोंडाशी धरलं. नळातनं निघालेला धूर छताला चिकटून सरळ झरोक्यातनं बाहेर गेला. खालच्या लड्यांकडं ढुंकूनही बघितलं नाही त्यानं.

"नळापुढं भोकं पाडलेला पत्रा तिरका लावा," मेव्हणा म्हणाला.

"वाट अडवल्यावर हवा पुढं जाईल कशी?"

"अडवायची न्हाय दाजी, घुसळायची!"

बराच वेळ मी ऐकलं नाही. शेवटी त्यानंच एक पत्रा उचलला, तेव्हा मी तो त्याच्या हातातनं हिसकून घेतला. खोली माझी, भोकं मीच पाडणार. भिंतीसारख्या दाट टांगलेल्या लड्याही विरळ केल्या. पुन्हा ऊद धरला. आता धूर पत्र्यावर फुटला, गरगरला, लड्यांमधनं खाली उतरला आणि दारात उभ्या बायकोला ठसका लागला. जाळ कमी करून मी कारखानदाराची ती खेप टांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार कोपऱ्यांतल्या चार लड्या सायकलीला अडकवल्या, कारखानदाराच्या दारात गेलो आणि त्याच्या हातात देऊन म्हणालो, "वळखा बघू, दाराजवळची कुठली."